परक्या शहरात नवखा माणूस

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्याते बी. ए., बी. एड. असून संस्थेच्या हायस्कूलमध्ये सहशिक्षक आहेत.)



परदेशी जाणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. कोकणातील खाडीकाठच्या गावांतून जहाजावर गेलेले, आखातात गेलेले लोक आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. दुबई, कुवेत, दोहा ही नावे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनाही शेजारच्या तालुक्यासारखी वाटतात. मात्र गेल्या काही वर्षांत आणखी एक वाट उघडली आहे, ती जर्मनीची. कोणी उच्च शिक्षणासाठी जातो, कोणी परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी, कोणी कारागिरीच्या कामासाठी. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासन आणि जर्मनीचे बाडेन-व्युर्टेमबर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळासंबंधी करार झाला, तेव्हापासून तर आमच्या शिक्षकखोलीत येऊन चौकशी करणाऱ्या पालकांची संख्या वाढतच आहे.

हे पालक दोनच प्रश्न विचारतात. खर्च किती, आणि पगार किती? दोन्ही प्रश्न योग्य आहेत. पण तिसरा एक प्रश्न कोणी विचारत नाही. तो असा की, माझा मुलगा तेथे सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत राहील कसा? आजचे माझे बोलणे या तिसऱ्या प्रश्नाविषयी आहे. त्यासाठी मी एकच शहर घेणार आहे, हायडेलबर्ग. माझा धाकटा भाऊ तेथे तीन वर्षे शिकला, दोन उन्हाळी सुट्ट्या मी त्याच्याकडे काढल्या आणि आपल्या शाळेचे काही माजी विद्यार्थीही तेथे गेले. शिवाय हे शहर त्याच बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आहे.

प्रथम शहराची ओळख करून देतो. हायडेलबर्ग फ्रँकफुर्टच्या दक्षिणेस आगगाडीने सुमारे तासाभराच्या अंतरावर, नेकार नदीच्या काठी वसले आहे. वस्ती दीड लाखाच्या थोडी वर. आपल्या हिशेबाने जिल्ह्याचे एक मध्यम गाव. परंतु तेथील विद्यापीठ १३८६ साली स्थापन झालेले, आजच्या जर्मनीतील सर्वांत जुने. नदीवर १७८८ चा दगडी पूल आहे. डोंगरउतारावर एक मोठा किल्लेवजा राजवाडा आहे. फ्रेंच फौजांनी तो १६८९ आणि १६९३ मध्ये फोडला, तो आजही तसाच भग्न उभा आहे. जुन्या गावातून जाणारा मुख्य रस्ता दीड किलोमीटरहून लांब असून केवळ पायी चालणाऱ्यांसाठी राखलेला आहे. नदीपलीकडे नॉयेनहायमर फेल्ड नावाच्या भागात विज्ञानशाखा, मोठी रुग्णालये आणि कर्करोग संशोधन केंद्र आहे. आपल्याकडच्या छापखानेवाल्यांना हे नाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. ‘हायडेलबर्ग’ म्हणजे त्यांच्या लेखी छपाईचे यंत्र. कित्येक छापखान्यांची एक पिढी त्या यंत्रावर जगली.

आणखी दोन नाती सांगण्यासारखी आहेत. १९०७ च्या उन्हाळ्यात ‘सारे जहाँ से अच्छा’ लिहिणारे इक्बाल या गावी राहिले. म्युनिक विद्यापीठाच्या डॉक्टरेटसाठी त्यांना जर्मन भाषा शिकायची होती. नेकारच्या काठावरील एका संध्याकाळीवर त्यांची एक छोटी नज्म आहे आणि नदीकाठच्या एका रस्त्याला आज त्यांचे नाव आहे. दुसरे नाते उलट दिशेचे. येथील विद्यापीठात १९६२ साली दक्षिण आशिया संस्था निघाली. तिच्यातील प्राध्यापक गुंथर सोंथायमर हे महाराष्ट्रात येऊन राहिले, मराठी शिकले, धनगरांबरोबर माळरानावर हिंडले आणि खंडोबा, बिरोबा, म्हसोबा या देवतांवर त्यांनी असा अभ्यास केला की, आपल्या अभ्यासकांनाही तो वाचल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९९२ साली ते वारले. या दोन्ही थोरांत एक गोष्ट समान आहे. परक्या मुलखात गेल्यावर दोघांनीही आधी तेथील भाषा धरली. माझ्या सांगण्याचे सारही हेच आहे, पण त्याकडे मी क्रमाने येतो.

आखातात गेलेला आपला माणूस विमानतळावर उतरतो, तेव्हा त्याला घ्यायला कोणीतरी आलेले असते. मामाचा मुलगा, गावचा शेजारी, निदान कंपनीची गाडी. खोलीवर आठ माणसे असतात, त्यांतली चार आपल्या तालुक्याची. पहिल्या रात्री ताटात भात आणि मच्छीचे कालवण असते. म्हणजे तेथे माणूस ओळखीच्या बळावर उभा राहतो. हायडेलबर्गसारख्या लहान शहरात हे नाही. तेथे तुम्हाला पहिल्या दिवशी ओळखणारे कोणी नसते. तेथे आधी कागद उभा राहतो, मग माणूस. हा फरक ज्याने आधी समजून घेतला त्याचे निम्मे कष्ट वाचले असे समजावे.

पहिला कागद राहत्या जागेच्या नोंदणीचा. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो, असा जर्मनीचा कायदाच आहे. त्यासाठी घरमालकाने सही करून दिलेला दाखला लागतो. या नोंदणीशिवाय पुढचे जवळजवळ सारे अडते. बँकेचे खाते, कराचा क्रमांक, परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून मिळणारा वास्तव्य परवाना, साऱ्यांचे मूळ या एका नोंदीत आहे. म्हणून “काही दिवस मित्राकडे राहीन, मग बघू” हा आपला नेहमीचा बेत तेथे चालत नाही. मित्राच्या घरमालकाने सही दिली नाही तर तुम्ही त्या शहरात आहात, पण कागदावर नाही.

दुसरी गोष्ट याहून लहान, पण तिने पुष्कळांना रडवले आहे. तेथे घराला क्रमांक असतो, पण एका इमारतीतील खोल्यांना सहसा क्रमांक नसतात. पोस्टमन टपालपेटीवरील नाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर आणि दारावरच्या घंटेवर तुमचे नाव नसेल तर पत्र परत जाते. आणि तेथे सर्व महत्त्वाची गोष्ट अजून पत्रानेच येते. बँकेचे कार्ड एका पाकिटात, त्याचा गुप्त क्रमांक दुसऱ्या पाकिटात, विम्याचा कागद तिसऱ्या पाकिटात. म्हणून खोलीची किल्ली हाती पडताच पहिले काम बिछाना घालण्याचे नाही. एका कागदाच्या पट्टीवर स्वच्छ अक्षरात आपले आडनाव लिहून ते पेटीवर लावणे, हे पहिले काम.

तिसरी गोष्ट वेळेची. तेथे ‘टेर्मिन’ हा शब्द दिवसातून दहा वेळा कानी पडतो. टेर्मिन म्हणजे आधी ठरवून घेतलेली भेटीची वेळ. कार्यालय, डॉक्टर, बँक, केस कापणारासुद्धा टेर्मिनवर चालतो. वेळ अकराची असेल तर अकराला पाच कमी असताना दारात असावे. उशीर होणार असेल किंवा जाणे रद्द झाले तर कळवावे. आपल्याकडे साहेबांच्या दारात दिवसभर बसून राहिलो तर साहेबांना दया येते. तेथे दया येत नाही, नवी तारीख मिळते, आणि ती महिन्याभरानंतरचीही असू शकते.

हे ऐकून काहींना वाटेल, किती कोरडा मुलूख! मी त्याची दुसरी बाजू सांगतो. त्या कार्यालयात माझ्या भावाला कोणाची चिठ्ठी न्यावी लागली नाही, कोणाचे नाव सांगावे लागले नाही आणि टेबलाखालून काही द्यावे लागले नाही. त्याचे कागद पुरे होते, म्हणून त्याचे काम झाले. ज्याच्यामागे कोणी नाही अशा माणसाला हा नियम फार मोठा आधार असतो. ज्याची ओळख नाही त्याच्यासाठीच नियम असतो, हे मी तेथे पाहिले आणि आपल्याकडेही तसेच व्हावे असे मनोमन वाटले.

आता पैशाचे पाहू. “जर्मनीत शिक्षण फुकट” हे वाक्य आपल्या गावोगावचे एजंट सांगत असतात. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत ते पुष्कळसे खरे आहे. परंतु बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो शुल्क भरावे लागते, म्हणजे वर्षाला ३,०००. शिवाय राहण्याखाण्याचे पैसे आपल्याजवळ आहेत हे व्हिसाच्या आधीच सिद्ध करावे लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो ठरली आहे. आपल्या रुपयांत ती अकरा-बारा लाखांच्या घरात जाते. ती बंद खात्यात राहते आणि महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे हाती येते. आपल्या पदव्यांची तपासणी करून घेतल्याचे प्रमाणपत्रही २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना लागते.

या ९९२ युरोंतून काय काय जाते ते पाहा. सर्वांत मोठा वाटा भाड्याचा. तेथे भाडे दोन प्रकारचे बोलतात, ‘थंड’ आणि ‘उबदार’. थंड भाडे म्हणजे नुसत्या जागेचे, उबदार म्हणजे खोली गरम ठेवण्याचा आणि पाण्याचा वगैरे खर्च धरून. जाहिरातीतील आकडा कोणता, हे विचारल्याशिवाय होकार देऊ नये. अनामत म्हणून थंड भाड्याच्या तीनपटीपर्यंत रक्कम घेण्याची मालकाला मुभा आहे. विद्यार्थ्यांची वसतिगृहे स्वस्त आहेत, पण अर्ज भरपूर येतात, म्हणून प्रवेशाचे पत्र मिळाले त्याच दिवशी अर्ज टाकावा. आणि पालकहो, जी खोली कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही तिच्यासाठी येथून एक पैसाही पाठवू नका. चांगली छायाचित्रे दाखवून अनामत उकळणारे लोक युरोपातही आहेत.

दुसरा वाटा आरोग्य विम्याचा. तो सक्तीचा आहे. तीस वर्षांखालील विद्यार्थ्याला महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास पडतो. पण एकदा तो भरला की डॉक्टरकडे जाताना खिशात हात घालावा लागत नाही, म्हणून त्याला खर्च मानू नये. तिसरे, नभोवाणी आणि दूरचित्रवाणीचे शुल्क. घरात यंत्र असो वा नसो, दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो, असा आकार २०२१ मध्ये ठरला. चार मुले एका घरात राहत असतील तर चौघांत मिळून एकदाच. हे माहीत नसल्याने पुष्कळ मुले ते पत्र जाहिरात समजून फेकून देतात आणि नंतर थकबाकी येते.

काम करण्याची परवानगी आहे. २०२४ च्या मार्चपासून विद्यार्थी वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करू शकतो. पण या कमाईतून खिशखर्च निघतो, कर्जाचा हप्ता निघेलच असे नाही. “तिकडे गेल्यावर काम करून सगळे फेडील” या भरवशावर आईच्या बांगड्या गहाण टाकू नयेत, एवढेच मी सांगेन.

घरात राहण्याच्या रीतीही शिकाव्या लागतात. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळतात. रविवारी दुकाने बंद असतात. हा नुसता रिवाज नाही. रविवार हा विश्रांतीचा दिवस राहील असे कलम १९१९ च्या जर्मन घटनेत होते आणि तेच १९४९ च्या घटनेत कायम ठेवले आहे. म्हणून शनिवारी संध्याकाळी दूध, भाजी, पाव आणून ठेवावा. रविवारी काही बेकऱ्या थोडा वेळ आणि स्टेशनातली दुकाने तेवढी उघडी असतात. कचरा एकत्र टाकायचा नाही. ओला वेगळा, कागद वेगळा, वेष्टने वेगळी, उरलेला वेगळा. काचेच्या बाटल्या रंगानुसार रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत टाकतात, आणि त्याही रात्री किंवा रविवारी नाही, कारण आवाज होतो. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर व डब्यावर २५ सेंट अनामत घेतात. बाटली दुकानातील यंत्रात परत घातली की पैसे मिळतात. थंडीतही रोज खिडकी पाच-दहा मिनिटे सताड उघडून खोलीतली दमट हवा बाहेर घालवावी लागते. नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि अनामतीतून पैसे कापले जातात. आपला स्वयंपाक वाफेचा आणि फोडणीचा, म्हणून आपल्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

ट्राममध्ये चढताना तिकीट कोणी पाहत नाही. म्हणून ते काढायचे नाही असे नाही. तपासनीस साध्या कपड्यांत येतो आणि दंड ६० युरो असतो. लहान शहरात खरे वाहन सायकल. तिला पुढे-मागे दिवा हवा, आणि रस्ता मोकळा असला तरी लाल दिव्याला थांबावे. ११२ हा क्रमांक आग आणि रुग्णवाहिकेसाठी, ११० पोलिसांसाठी, आणि दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७. हे तीन क्रमांक पाठ करूनच विमानात बसावे.

खाण्यापिण्याविषयी आपल्या पालकांना काळजी असते. जर्मनीने १९६१ साली तुर्कस्तानशी कामगारांविषयी करार केला. तेव्हापासून आलेली तुर्की कुटुंबे आता तिसऱ्या-चौथ्या पिढीची आहेत. त्यांची दुकाने जवळजवळ प्रत्येक शहरात आहेत आणि हलाल मांस, डाळी, कोथिंबीर तेथे मिळते. वेष्टनावरील घटक वाचायला शिकावे. ‘श्वाइन’ म्हणजे डुक्कर हा शब्द पहिल्या दिवशीच ओळखता यावा. आगगाडीने वीसेक मिनिटांवर मानहाइम हे मोठे शहर आहे. तेथे १९९५ मध्ये उघडलेली यावुझ सुलतान सलीम ही मोठी मशीद आहे. नमाजाच्या वेळा मात्र सूर्यावर चालतात, आणि तेथला सूर्य आपल्यासारखा नेमस्त नाही. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो. रमजान जूनमध्ये आला की रोजा अठरा तासांच्याही पुढे जातो, डिसेंबरमध्ये आला की दहा-अकरा तासांवर येतो. हा अंधार नुसता आकाशात राहत नाही, तो मनातही उतरतो. पहिला हिवाळा जड जातो हे मुलाने आणि आईबापांनी आधीच जाणून असावे.

आता मी मूळ मुद्द्यावर येतो. भाषा.

विद्यापीठात काही अभ्यासक्रम इंग्रजीतून चालतात हे खरे आहे. पण घरमालकाचे पत्र, विम्याचा अर्ज, औषधाच्या दुकानातील सूचना, शेजारणीची तक्रार, ही इंग्रजीतून येत नाहीत. युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात, ए-१ पासून सी-२ पर्यंत. व्यावसायिक प्रशिक्षणासाठी किमान बी-१ आणि परिचारिकेला साधारणतः बी-२ लागते. माझे मत असे की, इंग्रजी अभ्यासक्रमाला जाणाऱ्यानेही येथून निदान ए-२ पुरी करून जावे. पुण्यामुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे. तेथील परीक्षा सर्वत्र मान्य होतात.

आणि मराठी मुलांनी या भाषेला भिण्याचे कारण नाही. मी व्याकरण शिकवतो म्हणून सांगतो. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत. इंग्रजी बोलणाऱ्याला त्याने घाम फुटतो, उर्दू-हिंदीवाल्यालाही तिसरे लिंग नवे असते. पण आपण ‘तो, ती, ते’ म्हणतच मोठे झालो. जर्मनमध्ये मुलगी या अर्थाचा शब्द नपुंसकलिंगी आहे म्हणून लोक हसतात, पण आपणही ‘ते पोर’ म्हणतोच की! एकवीस या संख्येला ते ‘एक आणि वीस’ म्हणतात. आपल्या ‘एकवीस’मध्ये एक आधीच आहे, इंग्रजीत तो मागे जातो. गौण वाक्यात त्यांचे क्रियापद शेवटी येते, आपले तर नेहमीच येते. आणि ‘तू’ व ‘आपण’ यांचा भेद त्यांच्याकडेही आहे. अनोळखी माणसाला, कार्यालयात, वयाने मोठ्यांना आदरार्थी ‘झी’ म्हणायचे, आणि मोठ्यांनी सांगितल्याशिवाय ‘डू’वर यायचे नाही. आपल्या घरात ज्याला अदब शिकवली आहे त्याला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

भाषा नसली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण सांगतो. आपल्याच शाळेचा एक हुशार विद्यार्थी. वडिलांनी कर्ज काढून त्याला पाठवले. एजंटाने सांगितले होते, भाषेची काही गरज नाही. दोन महिन्यांच्या वर्गात चार वाक्ये शिकून तो गेला. खोली मिळाली, नाव लावले, पत्रे येऊ लागली. जर्मन पत्र म्हणजे लांबलचक शब्दांचे आणि कायद्याच्या कलमांचे. पहिले त्याला कळले नाही, म्हणून त्याने बाजूला ठेवले. दुसरेही ठेवले. पुढे पुढे तो पाकीट उघडेनासाच झाला. दिवसा तास, संध्याकाळी एका उपाहारगृहात भांडी धुण्याचे काम, घरी फोनवर “सगळे ठीक आहे.” डिसेंबर गेला, जानेवारी गेला. परीक्षेला तो बसला नाही.

माझा भाऊ त्याला भेटायला गेला तेव्हा टेबलाच्या खणात अकरा बंद पाकिटे सापडली. मुलगा म्हणाला, “भाईजान, यांत मला परत पाठवण्याचा हुकूम असेल.” भावाने त्याला वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्ध बाईंकडे नेले. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी चहा ठेवला, स्वयंपाकाच्या सुरीने एकेक पाकीट उघडले आणि तीन गठ्ठे केले. अकरांपैकी सात पत्रांचे काहीच करायचे नव्हते. चारांना उत्तर द्यायचे होते. विमा कंपनीला विद्यापीठाचा दाखला हवा होता, नभोवाणी शुल्काच्या दोन स्मरणपत्रांत थोडा दंड चढला होता, आणि एक पत्र परवान्याच्या नूतनीकरणाची आठवण देणारे होते. त्याला तीन आठवडे अवकाश होता. एका दुपारी सारे संपले. मग त्या बाई म्हणाल्या, “पाच महिने तू माझ्या खाली राहतोस. एकदा घंटा का नाही वाजवलीस?”

मित्रहो, या प्रश्नात त्या मुलखाची सारी रीत आहे. आपल्याकडे नवा भाडेकरू आला की शेजारीण वाटीत काहीतरी घेऊन येते आणि तासाभरात त्याची सात पिढ्यांची चौकशी करते. तेथे दुसऱ्याच्या दारात बोलावल्याशिवाय जाणे असभ्य समजतात. त्यांचे गप्प राहणे हा तिरस्कार नसतो, तो त्यांचा अदब असतो. पण आपल्या मुलाला ते कोण सांगणार? तो समजतो, मी येथे कोणाला नको आहे. दार वाजवले की ते उघडते. मात्र वाजवायचे आपण असते, आणि वाजवल्यावर बोलायला चार वाक्ये हवीत.

तो मुलगा सावरला. विद्यापीठाच्या विद्यार्थी सेवा मंडळात मनाच्या अडचणींसाठी समुपदेशनाची सोय असते. तेथेही तो गेला, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आज तो शिकून नोकरी करतो. पण एक सत्र वाया गेले, १,५०० युरो गेले, सहा महिन्यांचे राहणे-खाणे गेले, आणि येथे वडिलांच्या कर्जावर व्याज चढले. भाषेचा पुरा वर्ग केला असता तर याच्या दहाव्या हिश्श्यातही भागले असते.

तेव्हा पालकांना माझी तीन विनवण्या आहेत. पहिली, एजंटाला पैसे देण्याआधी त्याला तीन गोष्टी लेखी विचारा. अमुक राज्यात शुल्क किती? राहण्याची जागा कोणाच्या नावाने आणि कोठे? आणि भाषेची कोणती पायरी लागते? जो लेखी देत नाही त्याच्याकडून उठून यावे. दुसरी, मुलाला फोनवर “कसा आहेस?” असे विचारू नका, त्याचे उत्तर ठरलेले असते. “आज पेटीत कोणते पत्र आले? शेजारी कोण राहते? या आठवड्यात कोणाशी बोललास?” असे विचारा. तिसरी, पहिल्या वर्षी त्याच्याकडून पैशाची अपेक्षा ठेवू नका. मुलगा खरे बोलायचे थांबतो ते बहुधा पैशापायी थांबतो.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो. पाकीट आले त्याच दिवशी उघडा. कळले नाही तर त्याच आठवड्यात कोणाला तरी दाखवा. न कळणे ही लाजेची गोष्ट नाही. तसेच आपल्यासारखीच मुले शोधून केवळ त्यांच्यातच राहू नका, आणि त्यांना सोडूनही देऊ नका. ईदच्या दिवशी बिर्याणीचे ताट वरच्या मजल्यावर नेऊन द्या. मी पाहिले आहे, तेथे ताट रिकामे परत येत नाही.

आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक सूचना नम्रपणे करतो. आपल्या शाळेच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात. तेथे जर्मन भाषेचा वर्ग सुरू करावा. जाऊन आलेल्या मुलांना सुट्टीत बोलावून त्यांच्याकडून नव्यांना प्रत्यक्ष अर्ज, पत्रे, भाड्याचे करार वाचायला शिकवावे. यासाठी मोठ्या इमारतीची किंवा देणगीची गरज नाही. एक फळा, काही जुनी पत्रे आणि आठवड्याला दोन संध्याकाळी पुरेत. या कामासाठी माझ्या दोन संध्याकाळी मी आजच संस्थेच्या स्वाधीन करतो.



खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.